आता कशी छान भरलीस

माझ्या आजाराबद्दल मी मराठीत शोधलं तेव्हा काही सापडलं नाही, म्हणून हे लिहायला बसले. जन्मतः हृदयात दोष असलेल्या बाळांची ऑपरेशनं, पेढे वाटणारे आईबाप, हे सगळं होतं. ती बाळं पुढे मोठी झाली की त्यांचं काय होतं, ते नव्हतं. मी त्यांच्यातलंच एक मोठं झालेलं बाळ आहे, सत्तावीस वर्षांचं. हे वाचून कुणाला धीर येईल असं मी म्हणणार नाही, कारण माझ्याकडेच तो शिल्लक नाही. पण तुमच्या घरात अशी कुणी वाळकी पोर असेल आणि तिचा चेहरा एकाएकी भरायला लागला असेल, तर आनंद करायच्या आधी तिला डॉक्टरकडे न्या. एवढं कळलं तरी पुरे.

सुतळी

शाळेत मला सुतळी म्हणायचे. माझ्या हृदयाला पंपाचा एकच कप्पा आहे, बाकीच्यांना दोन असतात. लहानपणी मुंबईत तीन ऑपरेशनं झाली. शेवटचं झालं तेव्हा मी पहिलीत जायच्या वयाची होते. त्या ऑपरेशनात अंगातून परत येणारं रक्त हृदयात न आणता थेट फुप्फुसांकडे वळवतात. मागून ढकलायला पंप नाही, ते आपलं आपण जातं. डॉक्टरांनी हे अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कागदावर चित्र काढून समजावलं होतं. अण्णांनी त्यातलं एकच लक्षात ठेवलं, की पोर वाचली.

आमचं गाव सायखेड्याच्या जवळ. अण्णांचं शेतीच्या औषधांचं दुकान आहे, त्यामुळे पंचक्रोशीतल्या द्राक्षांना काय झालंय ते त्यांना पानावरून कळतं. आईच्या दोन म्हशी होत्या. होत्या म्हणते, त्याचं कारण पुढे येईल. आईला माझ्या हृदयापेक्षा माझ्या मनगटांचं जास्त दुःख होतं. बांगडी कोपरापर्यंत जाते म्हणून ती डोळ्यांत पाणी आणायची. तिच्याकडे त्यावर एकच उपाय होता, घरचं तूप. वरणावर तूप, भाकरीवर तूप, दुधात तूप. मी तोंड वाकडं केलं की म्हणायची, "खाय मुकाट्यानं. अंगाला लागंल कधीतरी."

मी बी.कॉम. केलं, नाशकात पंचवटीत एका छापखान्यात नोकरी धरली. लग्नपत्रिका जुळवायचं काम. शेकडो लग्नं मी जुळवली असं मी सगळ्यांना सांगायचे, एक आपलं सोडून. मैत्रिणीबरोबर खोली घेतली होती आणि शनिवारी घरी यायचे. जिना चढताना दोनदा थांबावं लागायचं, थंडीत ओठ जांभळे पडायचे, रक्त पातळ ठेवायची गोळी रोज. बाकी माझं बरं चाललं होतं. खरंच बरं चाललं होतं, आणि ते दिवस मला आता फार आठवतात.

अंगाला लागलं

तीन वर्षांपूर्वी दिवाळी झाली आणि माझे गाल वर आले. आधी मलाच आवडलं. आरशात पहिल्यांदा कुणीतरी गोल चेहऱ्याची बाई दिसत होती. आई तर हरखून गेली. विंचूरची आत्या आली होती, तिनं दारातूनच म्हटलं, "अगं बाई, ही आपलीच पोर का? आता कशी छान भरलीस गं."

"तूप लागलं अंगाला," आई म्हणाली. "वीस वर्सं घातलं, तव्हा लागलं."

त्या दिवशी आईनं मीठ-मोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या. दृष्ट लागेल एवढी मी भरले होते. मग अण्णा मला निफाडला फोटो काढायला घेऊन गेले, स्थळांना दाखवायला. नवी पैठणी, केसांत गजरा, आणि तो गोल चेहरा. घरातला माझा सगळ्यात चांगला फोटो तोच आहे. अजून अण्णांच्या मोबाइलवर तोच असतो, आणि तो आजाराचा फोटो आहे हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक असूनही कुणी तो बदलत नाही.

चपला घट्ट व्हायला लागल्या होत्या. मोज्यांची खूण संध्याकाळपर्यंत जात नव्हती. सलवारीची नाडी सैल करावी लागत होती. आणि पोट बिघडलं होतं, दिवसातून चार-पाच वेळा जावं लागायचं. ते मी खानावळीच्या जेवणावर ढकललं. पोट बिघडलेलं माणूस जाड होत नाही, एवढा साधा हिशेब आमच्यापैकी एकालाही सुचला नाही. अख्खं घर मी भरायची वाट बघत होतं, आणि मी भरले होते.

अंगठा

हृदयाची वर्षातली तपासणी नाशकात व्हायची. आई मुद्दाम बरोबर आली. डॉक्टरांनी काही विचारायच्या आत म्हणाली, "औंदा वजन वाढलंय बरं का डॉक्टर तिचं. सात किलो."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी माझा पाय पुढे घ्यायला सांगितला आणि नडगीवर अंगठा दाबून धरला. मग अंगठा उचलला. माझ्या पायावर खड्डा पडला होता, आणि तो भरून येत नव्हता. आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत होतो.

"हे वजन नाही," डॉक्टर म्हणाले. "पाणी आहे."

आई म्हणाली, "पाणी कसं? ती तर पाणीच पीत नाय फारसं."

मग त्यांनी मला शौचाबद्दल विचारलं, आणि आईसमोर सगळं सांगावं लागलं. रक्त तपासलं, शौच तपासलं, पोटाची सोनोग्राफी झाली. पुढच्या वेळी अण्णा आले तेव्हा डॉक्टरांनी समजावलं. अंगात रक्तासारखीच अजून एका पांढरट पाण्याची जाळी असते. तिला लसिकावाहिन्या म्हणतात. जेवणातली चरबी आतड्यातून तीच उचलून नेते. माझ्या शिरांमध्ये रक्ताचा दाब कायम चढलेला असतो, कारण पुढे ढकलायला पंप नाही. त्या दाबानं ही जाळी तुंबते, फुगते आणि आतड्यात गळायला लागते. त्या गळतीतून अंगातली प्रथिनं निघून जातात, आणि प्रथिनं गेली की रक्तातलं पाणी अंगात उतरतं.

अण्णांनी टेबलावर बोटानं एक रेघ ओढली. मग म्हणाले, "ड्रिपच्या नळीचं झालं म्हणायचं. पुढं तोंड आवळलं की मागं नाजूक जोडातून गळतं."

"तसंच," डॉक्टर म्हणाले.

"जोड बदलता येतो का?"

डॉक्टरांनी टेबलाचा खण उघडला. त्यांनी आहाराचा कागद दिला. तूप नाही, तेल नाही, साय नाही, शेंगदाणे नाहीत. अंड्याचा पांढरा भाग, साय काढलेलं दूध, डाळी. आणि एक वेगळं तेल, जे या जाळीत न शिरता सरळ रक्तात जातं, ते चमच्यानं मोजून. आईनं तो कागद वाचला नाही. ती फक्त म्हणाली, "मंग तूप घालून मीच...?" डॉक्टर म्हणाले, तुमच्यामुळे झालेलं नाही, हा ऑपरेशनानंतर काहींना होणारा आजार आहे. आईनं ते ऐकलं की नाही मला माहीत नाही.

ओवा खा

आजारसुद्धा मी असा निवडला की चारचौघांत सांगता येऊ नये. हृदयाचा म्हटलं की लोक हळहळतात, जुलाबाचा म्हटलं की ओवा सांगतात. भेटायला येणाऱ्या प्रत्येकानं मला काही ना काही सांगितलं. ओवा, बेलफळ, दह्यात जिरेपूड, कुणी एक महाराज. मी सगळ्यांना हो म्हणत गेले.

नाशकाच्या हॉस्पिटलात माझं येणं-जाणं सुरू झालं. मधाच्या रंगाची काचेची बाटली लावायचे, त्यात प्रथिनं असतात. ती थेंबाथेंबानं आत जायची, मग लघवीचं इंजेक्शन, मग सकाळी वजन. वजन उतरलं की सिस्टर खूश व्हायच्या. आयुष्यभर मला वजन वाढव म्हणून सांगितलं होतं, आणि आता अर्धा किलो कमी झालं की शाबासकी. चार दिवस बरं वाटायचं, मग बाटलीतलं सगळं त्याच वाटेनं निघून जायचं. हातांच्या शिरा संपत आल्या. सुई शोधताना सिस्टर सॉरी ताई, सॉरी ताई म्हणत राहायच्या, आणि मी छताकडे बघत राहायचे. मला रडू यायचं ते दुखण्याचं नसायचं. हे कधी संपणारच नाही, हे मला तिथेच कळायला लागलं होतं.

एक चांगली गोष्ट सांगते, कारण अशा फार नाहीत. वॉर्डात माझी खाट दारापाशी होती आणि संडास दुसऱ्या टोकाला. सलाइनचा स्टँड ओढत मी सगळ्यांच्या नातेवाइकांच्या समोरून दहादा जायचे. संडासाजवळच्या खाटेवर मालेगावच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या, मधुमेहानं पाय चिघळलेल्या; सगळे त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे. त्यांनी मला कधी काय झालंय म्हणून विचारलं नाही. एका सकाळी त्यांनी मुलाला उठवलं आणि म्हणाल्या, "मेरा बिस्तर उधर ले चल. उधर हवा अच्छी आती है." दारापाशी हवा अजिबात येत नव्हती, उलट सगळी वर्दळ तिथूनच होती. मी त्यांच्या खाटेवर आले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. त्यांचं नाव मी विचारलं नाही, ते राहून गेलं.

ताट

पुढच्या वर्षी मुंबईला पाठवलं. तिथे जांघेतल्या गाठीतून त्या जाळीत रंग सोडला आणि पडद्यावर गळती शोधली. मग बारीक नळीनं तिथे डिंकासारखं काहीतरी सोडून ती बुजवली. मुंबईच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आत्ता बंद झालीय, किती दिवस राहील ते सांगता येत नाही. आम्ही पहिलं वाक्य घेऊन घरी आलो.

आणि खरंच, प्रथिनं चढली. पोट उतरलं, पाय उतरले, गालांची हाडं वर आली. मी पुन्हा सुतळी झाले. छापखान्यात परत रुजू झाले. त्या महिन्यांत मी हसायचे, आणि हसताना पोटाकडे लक्ष नसायचं. आईचा मात्र चेहरा उतरला होता. तिला डोळ्यांनी दिसत होती ती पुन्हा वाळलेली पोर. रिपोर्टात प्रथिनांचा आकडा वाढला म्हणून सांगितलं तर म्हणायची, "आकडा दिसतो व्हय अंगावर?"

माझं ताट वेगळं होतं आणि ते मीच धुवायचे. बिनतेलाच्या ताटाला घासणी लागत नाही, नुसत्या पाण्यानं निघतं. एका रविवारी दुपारी मोरीत ताट धरलं आणि बोटं घसरली. दुसऱ्यांदा पाणी घेतलं, तरी घसरत होतं. ताट तसंच ओलं घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. आई कढई उतरवत होती.

"आई, यात काय होतं?"

ती वळली नाही. "वरण."

"वरणात?"

"थेंबभर घालू राहिले मी," ती म्हणाली. "दर येळेला नाय. तू आली म्हंजी. कोरडं खाऊन माणूस जगतं का, सांग बरं. तुझ्या घशाखाली घास उतरत नाय तो मला दिसतो."

वहिनी, माझ्या दादाची बायको, तिथेच पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं थांबवलं. ती म्हणाली, "मी म्हणले होते सासूबाईंना, नका घालू म्हणून."

मी ताट पालथं घातलं आणि बाहेर जाऊन बसले. मला राग आला होता. आईवर असा राग येऊ नये असं वाटत होतं आणि तरी येत होता. तो अजून पुरता गेलेला नाही, हेही इथे लिहून टाकते.

दोन महिन्यांत आकडा कोसळला. मुंबईला आईनंच मॅडमना विचारलं, मी तोंड उघडायच्या आत. मॅडम चांगल्या होत्या. म्हणाल्या, "तुपानं गळती पुन्हा सुरू झाली असं नाही म्हणता येणार. ती बऱ्याच जणांची तशीही सुरू होते. होती ती थोडी वाढली असेल, इतकंच." मी पहिलं वाक्य ऐकलं. आईनं शेवटचं.

त्याच आठवड्यात तिनं दोन्ही म्हशी विकल्या. अण्णा नको म्हणत होते, दादा नको म्हणत होता. तिनं तुपाची बरणी ओट्यावरून उचलली आणि शेजारी देऊन आली. आमच्या घरात पुरणपोळी तेव्हापासून कोरडी असते. दादा एकदा ताटावरून म्हणालाच, "तिच्यामुळं आम्ही सगळ्यांनी का आजारी व्हायचं?" वहिनीनं त्याला खूण केली, पण तो बोलून गेला होता. मला त्याचं म्हणणं चुकीचं वाटलं नाही. मी जेवण अर्धं ठेवून उठले, आणि त्या दिवशी कुणी मला परत बसवलं नाही.

आता

दुसऱ्यांदा बुजवलं, ते पहिल्याच्या निम्मंही टिकलं नाही. मग स्टेरॉइडच्या गोळ्या झाल्या. नोकरी सुटली. आता मुंबईत नवं हृदय बसवण्याबद्दल बोलतात, पण इतक्या वर्षांच्या दाबानं यकृतही खराब झालंय, त्यामुळे यादीत माझं नाव घ्यायचं की नाही यावर अजून त्यांचं एकमत नाही. मी फोनची वाट बघते. वाट बघता बघता कधी वाटतं, त्यांनी नाहीच म्हणावं, म्हणजे एकदाचं संपेल. असं वाटणं पाप आहे असं आत्या म्हणाली असती. मला वाटतं एवढंच मी सांगते आहे. मला जगायचं आहे, आणि मी फार दमले आहे, आणि या दोन्ही गोष्टी एकाच सकाळी खऱ्या असतात.

म्हशी गेल्यापासून आईनं एक नवं काम लावून घेतलंय. सकाळी माझा कोरा चहा घेऊन येते, कप खाली ठेवते आणि गोधडीतून बाहेर आलेल्या माझ्या नडगीवर अंगठा दाबते. डॉक्टरांनी दाबला तसा. उचलते आणि बघते. खड्डा नसला की "हं" म्हणते आणि जाते. थोडा असला की "जरासा हाय" म्हणते. आम्ही दोघी तुपाबद्दल पुन्हा कधी बोललो नाही. जे काही बोलतो ते त्या अंगठ्यातूनच. आता ती येताना दिसली की माझा पाय आपोआप बाहेर येतो.

मुंबईहून शेवटच्या वेळी निघताना मॅडम म्हणाल्या होत्या, आता पुन्हा सूज चढली तर वाट बघू नका, सरळ भरती व्हा. पुन्हा बुजवण्यासारखं फार काही राहिलेलं नाही, हेही त्या म्हणाल्या होत्या. ते त्यांनी मला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं. बाहेर आले तेव्हा आई बाकावर बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी उचलली.

परवा विंचूरला आत्याच्या मुलीचा साखरपुडा होता. पत्रिका मीच घरी बसून जुळवून दिली होती. जायचा माझा विचार नव्हता, पण आई म्हणाली, चल, चार माणसांत बरं वाटंल. मी तीच पैठणी नेसले. आत्या पाहुण्यांची ताटं वाढत होती. मला पाहिलं आणि ताट हातातच राहिलं. बिचारी मनापासून खूश झाली. म्हणाली, "आली का माझी पोर? गेल्या बारीला कशी काडी झाली होती. आता कशी छान भरलीस गं."

आई माझ्या शेजारी उभी होती. तिनं आत्याकडे पाहिलं, मग माझ्या चेहऱ्याकडे. रोज बघणाऱ्याला जे दिसत नाही ते तिला तेव्हा दिसलं असावं.  माझ्या पानात वाढायला आलेली जिलेबी तिनं हातानंच अडवली, आणि घरी येईपर्यंत गाडीत माझा हात धरून बसली.

काल सकाळी ती चहा घेऊन आली. मी पाय बाहेर काढला. तिनं कप खाली ठेवला, पायाकडे पाहिलं, आणि गोधडी ओढून तो झाकला.

"गारठा हाय," ती म्हणाली, आणि गेली.

मी उठून बसले. गोधडी बाजूला केली आणि माझ्याच अंगठ्यानं दाबून धरलं. मग अंगठा उचलला आणि खड्डा भरून यायची वाट बघत बसले. आत माळ्याखाली स्टूल सरकवल्याचा आवाज आला. आई हॉस्पिटलची बॅग खाली काढत होती.